शॅमेलिऑनची पहिली वीण: जोडी लावण्याआधीपासून पिल्लं घरी जाईपर्यंत

शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा. त्याची जोडी लावणं हे या सगळ्या उद्योगातलं सर्वांत सोपं काम. नर तयारच असतो; मादीची मर्जी असली की अर्ध्या तासाच्या आत काम आटोपतं. खरी परीक्षा त्यानंतरच्या वर्षभराची. तीस-चाळीस अंडी, सहा ते नऊ महिने त्यांची राखण, आणि मग तितकीच तोंडं, ज्यांना दिवसातून दोन-तीनदा जिवंत किडे लागतात. पिल्लं कुणाकडे जाणार याचं उत्तर तयार नसेल, तर जोडी लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. हौस म्हणून एक वीण घेऊन बघू, हा विचार माणसाला दोन महिन्यांत रडकुंडीला आणतो.

इथे जे सांगतोय ते व्हेल्ड शॅमेलिऑनबद्दल. येमेन आणि सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य कोपरा हे याचं मूळ घर. डोक्यावर उंच तुरा, अंगावर हिरवे-पिवळे पट्टे. पाळीव शॅमेलिऑनमध्ये हा सर्वांत काटक, आणि बंदिस्त जागेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला. मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन दिसायला देखणा, पण पहिल्या खेपेला नको. पूर्व आफ्रिकेच्या थंड डोंगरांतला, थेट पिल्लं घालणारा जॅक्सन तर आपल्या उन्हाळ्यात स्वतःच तग धरणं कठीण.

आधी कागद

आपल्या रानात, शेताच्या बांधावर दिसणारा घोयरा हाही शॅमेलिऑनच. तो वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहे. त्याला पकडणं, घरात ठेवणं, विकणं हा गुन्हा. कुणी ‘गावठी आहे, स्वस्तात देतो’ म्हणाला तर तिथेच विषय संपवा.

व्हेल्ड शॅमेलिऑन परदेशी, पण साइटिस, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनुसार भारतात असा प्राणी बाळगणाऱ्याला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. प्राणी दुसऱ्याला दिला, मेला किंवा पिल्लं झाली, तरी ते कळवावं लागतं. ज्याच्याकडून नर-मादी घेताय त्याच्याकडे कागद नसतील, तर पुढे तुमची पिल्लंही बिनकागदाचीच राहणार आणि ती घ्यायला शहाणा माणूस पुढे येणार नाही. परदेशात राहणाऱ्यांनी तिथले नियम बघावेत. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हा सहज मिळतो, पण हवाईमध्ये पाळायला बंदी आहे. फ्लोरिडात सुटलेले आणि सोडून दिलेले व्हेल्ड शॅमेलिऑन बाहेरच वाढले आहेत. पिल्लं नको झाली म्हणून झाडावर सोडणं हा मार्ग कुठेच नाही.

नर-मादीची निवड

नर ओळखायला जन्मापासून एक खूण असते: मागच्या पायाच्या टाचेवर छोटा खुंट. मादीला तो नसतो. वयात आल्यावर नराचा तुरा उंच होतो आणि रंग भडक. मादी लहान, अंगाने भरलेली.

मादी चार-सहा महिन्यांत वयात येते, पण तेव्हा तिची स्वतःचीच हाडं भरत असतात. किमान वर्षाची होऊ द्या. पाय सरळ आहेत का, फांदी घट्ट धरते का, जीभ लांबवर मारते का, डोळे खोल तर गेले नाहीत, हे पाहा. पाय वाकडे किंवा जबडा मऊ असेल, तर कॅल्शियमची तूट आहे. अशी मादी विणीला घेऊ नये. दोघांची विष्ठा पशुवैद्याकडून तपासून जंत नाहीत याची खात्री करा. आणि भाऊ-बहीण नकोत. एकाच माणसाकडून ‘जोडी’ घेतली तर ती बहुधा एकाच घाण्यातली असते, हे लक्षात ठेवा.

दोघांना पिंजरे वेगळे, आणि एकमेकांना दिसणार नाहीत असे. नराला साधारण दोन फूट लांब-रुंद आणि चार फूट उंच जाळीचा पिंजरा. मादीला थोडा लहान चालतो. लांब टी-5 एचओ यूव्हीबी ट्यूब लागते, म्हणजे उन्हातले अतिनील ‘बी’ किरण देणारी प्रखर ट्यूबलाइट. बसायच्या फांदीवर यूव्ही इंडेक्स (अतिनील किरणांच्या तीव्रतेचं माप) 3 च्या आसपास मिळायला हवा आणि ट्यूब वर्षाने बदलायची, मग ती पेटत असो वा नसो. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यात धरू नये. काच यूव्हीबी अडवते. पाणी वाटीत ठेवून हा पीत नाही. सकाळ-संध्याकाळ बारीक फवारा आणि दिवसा पानांवर थेंब थेंब पाणी.

मादीचा खुराक

आपल्याकडे बाळंतपण म्हटलं की डिंकाचे लाडू आठवतात. इथे नेमकं उलटं करायचं. मादीला भरपूर खाऊ घातलं आणि तापवलं, की ती अंडी वाढवत जाते. भरमसाठ खाल्लेल्या मादीने एका वेळी ऐंशीच्या वर अंडी घातल्याची उदाहरणं आहेत, आणि अशी मादी फार वर्षं जगत नाही. मोठ्या मादीला एका आड एक दिवस तीन-चार किडे पुरतात. तिच्या बैठकीच्या फांदीवर तापमान 27 अंशांच्या आसपास ठेवा. नराला थोडं जास्त चालतं. एवढ्याने अंडी वीस-तीस-चाळीसवर राहतात आणि मादी धडधाकट.

संख्या कमी पण दर्जा वरचा. रातकिडे किंवा डुबिया झुरळं देण्याआधी त्यांनाच दिवसभर पालेभाजी, गाजर, भोपळा खाऊ घाला. देताना डी-3 जीवनसत्त्व नसलेल्या साध्या कॅल्शियमच्या भुकटीत प्रत्येक वेळी हलकं घोळवा. डी-3 आणि जीवनसत्त्वांची भुकटी महिन्यातून दोनदाच. डी-3 जास्त झालं तरी नुकसान होतं, तेव्हा ‘ताकद येईल’ म्हणून रोज चिमूट टाकू नका.

एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. नर न दाखवताही मादी अंडी घालते, कोंबडीसारखीच. त्यामुळे पुढे सांगितलेलं मातीचं टोपलं प्रत्येक वयात आलेल्या मादीला लागतंच, वीण घ्यायची असो वा नसो.

माजावर आलेली मादी

एरवी फिकट हिरवी असलेली मादी माजावर आली की तिच्या कुशीवर आकाशी-निळसर ठिपके उमटतात. ती पिंजऱ्यात अस्वस्थ फिरते. हे ठिपके दिसल्यावर सकाळी, दिवे लागून ऊब आल्यावर, तिला नराच्या पिंजऱ्यात एका टोकाच्या फांदीवर सोडा आणि तिथेच उभे राहा.

नर लगेच रंगाने पेटतो. अंग चपटं करतो, शेपटीची गुंडाळी करतो आणि मानेला झटके देत सरकत येतो. मादीने तोंड वासलं, अंग काळपट केलं, फुसफुसली आणि डोलू लागली, तर उत्तर ‘नाही’ असं आहे. लगेच उचला आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा बघा. ‘जमेल हळूहळू’ म्हणून दोघांना सोडून जाऊ नये. चावे खोल लागतात. मादी हिरवीच राहिली आणि हळूहळू पुढे चालत राहिली, म्हणजे तयार आहे. नर बाजूने चढतो आणि दहा ते तीस मिनिटांत मिलन होतं. एक-दोन दिवसांत ते पुन्हा पुन्हाही होतं.

मादी फळली की नाही हे तिचा रंगच सांगतो. साधारण दिवसभरात ती गडद, जवळजवळ काळी-हिरवी होते आणि त्यावर पिवळे, निळे ठिपके चमकू लागतात. एकदा हा रंग दिसला की नराला तोंड दाखवायचं नाही.

मातीचं टोपलं

इथून वीस ते तीस दिवसांत अंडी. पहिल्या विणीत ज्या माद्या हातच्या जातात, त्या बहुतेक याच टप्प्यावर. मादीला जागा पसंत पडली नाही तर ती अंडी पोटातच धरून बसते, आणि त्यातच तिचा अंत होतो.

फूटभर लांब-रुंद, आत फूटभर माती राहील असं खोल, अपारदर्शक टब किंवा बादली घ्या. धुतलेली वाळू आणि खत-औषध नसलेली माती निम्मी-निम्मी. ओलावा किती? शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, तितका. मुठीत दाबली की गोळा वळावा, पण बोटांतून पाणी गळू नये. मग मधोमध बोट खुपसून खोल भोक पाडा. भोक टिकलं तर तिचं बीळही टिकेल. ढासळलं तर पाणी कमी आहे किंवा वाळू जास्त. तळाशी पाणी साचलं असेल तर ती खणतखणत तिथवर जाऊन परत फिरते. टबात एखादी जाड फांदी तिरकी टेकवा, म्हणजे चढ-उतर सोपी.

मिलनानंतर पंधराव्या दिवसाच्या आत टब पिंजऱ्यात हवा. अंडी घालायची वेळ आली की झाडावर राहणारा हा प्राणी तळाला येऊन फिरू लागतो, खाणं सोडतो, कोपरे खरवडतो. त्या दिवशी पिंजऱ्याच्या तीन बाजूंना चादर लावा आणि खोलीतली वर्दळ थांबवा. खणताना तिने तुम्हाला पाहिलं तर ती काम सोडून देते, आणि मग दोन दिवस पुन्हा सुरुवात नाही. जुना फोन कॅमेरा लावून ठेवणं हा उत्तम उपाय.

खणणं बघण्यासारखं असतं. पुढच्या पायांनी माती ओढायची, मागच्यांनी मागे फेकायची, तास-तास तेच. दोन-तीन भोकं अर्ध्यावर सोडते आणि एक निवडते. पूर्ण आत गेली की तिथेच वळते आणि तोंड दाराकडे करून अंडी घालते. बाहेरून फक्त वाळूने माखलेला तुरा आणि गरगर फिरणारा एक डोळा दिसतो. रात्री बिळातच झोपली तरी घाबरू नका. अंडी झाली की भोक बुजवते, पायांनी माती थापते, अगदी मागमूस राहणार नाही अशी, आणि दमलेली, पोट आत गेलेली वर येते. तिला आधी पाणी द्या, भरपूर वेळ, थेंबाथेंबाने. मग पुढचे आठ-दहा दिवस रोज चांगलं खाणं आणि कॅल्शियम. लाडवांचे दिवस हे.

आता धोक्याची खूण. दिवसा डोळे मिटून बसणं, तळाशी पडून राहणं, फांदीवरची पकड सुटणं, किंवा खणून दमली तरी अंडी नाहीत: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्य. क्ष-किरणात अंडी दिसतात. कॅल्शियम आणि ऑक्सिटोसिन या संप्रेरकाने काम होतं, नाहीतर शस्त्रक्रिया. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर कोण हे जोडी लावण्याआधीच शोधून ठेवा. तालुक्याच्या दवाखान्यात गाय-म्हैस रोज येते, शॅमेलिऑन नाही, आणि रात्री अकराला शोधाशोध करून उपयोग होत नाही.

अंडी

मादी वर गेल्यावर टब बाहेर घ्या आणि हाताने, चमच्याने माती बाजूला करा. चांगलं अंडं पांढरं, चिवट, टणक. पिवळट, चिकट, मऊ असेल ते बहुधा रिकामं. ज्या बाजूने सापडलं तीच बाजू वर ठेवा. पेन्सिलीने वर बारीक ठिपका दिला की गोंधळ होत नाही.

उबवणीला नर्सरीत मिळणारं व्हर्मिक्युलाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज, घ्या. शंभर ग्रॅमला ऐंशी ते शंभर ग्रॅम पाणी, तराजूवर मोजून. नीट कालवल्यावर मुठीत जोराने पिळलं तर एखाद-दुसरा थेंब पडावा, धार लागू नये. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात चार-पाच सेंटीमीटर थर, त्यात अंडी निम्मी रुतवून, मध्ये बोटभर अंतर. झाकणाला टाचणीने एक-दोन भोकं. सगळी अंडी एका डब्यात ठेवू नका. दोन-तीन डबे, दोन जागी. प्रत्येक डब्याचं वजन आणि तारीख झाकणावर लिहा. महिन्याने वजन घटलं तर तितकंच पाणी सिरिंजने कडेकडेने सोडायचं, अंड्यांवर नाही.

तापमान 24 ते 27 अंश. रात्री एक-दोन अंश खाली गेलं तर बिघडत नाही. 30 च्या वर मात्र अंडी खराब होऊ लागतात, आणि आपल्याकडे अडचण उबेची नसून गारव्याची आहे. पुण्यात एप्रिल-मे, विदर्भात तर मार्चपासूनच खोलीचं तापमान हाताबाहेर जातं. म्हणून जून-जुलैत अंडी येतील असा हिशेब करून मे-जूनमध्ये जोडी लावणं सोयीचं. पावसाळा आणि हिवाळा अंड्यांना मिळतो आणि बरीचशी पिल्लं कडक उन्हाळ्याआधी बाहेर येतात. विदर्भात आणि मराठवाड्यात हिवाळ्यात रात्री फार गार होतात. तेव्हा डबे आतल्या खोलीत, कपाटात. उन्हाळा गाठायचीच वेळ आली तर वातानुकूलित खोली लागेल, आणि भारनियमनाच्या गावात इन्व्हर्टरसुद्धा. कमाल-किमान नोंदवणारा तापमापक डब्याशेजारीच ठेवा. भिंतीवरच्या घड्याळातलं तापमान उपयोगाचं नाही.

तापमानाने नर की मादी हे या जातीत ठरत नाही. त्यामुळे ‘एवढ्यावर ठेवलं की माद्या जास्त’ असली गणितं सोडून द्या.

पहिले दोन-तीन महिने टॉर्च लावून अंड्यात बघितलं तरी विशेष काही दिसत नाही. अंडं घातलं जातं तेव्हा गर्भ फारच प्राथमिक अवस्थेत असतो आणि सावकाश पुढे सरकतो. इथे धीर सुटून लोक अंडी फेकतात. अंडं खचलं नाही, बुरशीने लोळागोळा झालं नाही, तोवर ते जिवंत धरायचं. नंतर आत लाल शिरा दिसतात आणि अंडं चांगलंच फुगतं. सुरुवातीच्या महिन्यांत खळी पडली तर पाणी कमी पडतंय.

चिलटांची फौज

अंड्यांना चार-साडेचार महिने झाले की अंड्यांकडे कमी आणि खाण्याकडे जास्त बघा. नवं पिल्लू पाच-सात सेंटीमीटरचं, तेही शेपटीसकट. त्याला न उडणारी फळमाशी, म्हणजे आपली चिलटंच पण उडता न येणारी, आणि पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नसलेले इवले रातकिडे लागतात. एका पिल्लाला दिवसाला वीस-पंचवीस चिलटं धरली तर चाळीस पिल्लांना रोज आठशे ते हजार. हे दुकानातून विकत आणायचं काम नाही. घरी बाटल्या लावाव्या लागतात.

लहान जातीच्या चिलटांची बाटली साधारण दोन आठवड्यांत तयार होते, हायडेई या मोठ्या जातीची तीन-चार आठवड्यांत. दर तीन-चार दिवसांनी नव्या बाटल्या लावत राहा, म्हणजे एक संपली की दुसरी फुटते. दहा-बारा बाटल्या कायम चालू हव्यात. 30 अंशांच्या आसपास लहान जातीचे नर वांझ होतात आणि बाटली बसते, तेव्हा अंड्यांच्याच गार कपाटात बाटल्यांनाही जागा करा. घरच्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. स्वयंपाकघरात चार-दोन सुटतातच.

पिल्लं

बाहेर यायच्या दिवस-दोन दिवस आधी अंड्याला घाम फुटतो. पृष्ठभागावर थेंब जमतात, अंडं थोडं बसतं, आणि मग टोकाला चांदणीसारखी चीर पडते. चिरेतून नाकाचं टोक बाहेर आलं आणि पिल्लू तसंच तासन्‌तास बसलं, तर हात लावू नका. आतला बलक अजून पोटात ओढला जात असतो. चिमट्याने मदत करणारे पिल्लाला इजा करतात. एकाच घाण्यातली पिल्लं बाहेर यायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात.

पिल्लं मोठ्या प्लॅस्टिक डब्यात किंवा बारीक जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात, आठ-दहाच्या गटाने. तळाला नुसता टिश्यू कागद, पातळ काटक्या, हिरव्या वेली. यूव्हीबी पहिल्या दिवसापासून, पण सौम्य. दिव्याखाली 27 अंशांच्या वर जाऊ नका: एवढ्याशा जिवातलं पाणी एका दुपारीत आटतं. बारीक धुक्यासारखा फवारा दिवसातून चार-पाच वेळा, आणि मधे पानं सुकू द्यायची. चिलटांना कॅल्शियमचा हलका हात रोज. पहिल्या दिवशी काही पिल्लं खात नाहीत, ते चालतं. तिसऱ्या दिवशीही जे फक्त बसून आहे त्याला वेगळं करा.

दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतं की काही पिल्लं दुप्पट झाली आणि काही तशीच. मोठी वरच्या फांद्या बळकावतात, लहानांच्या समोरचा किडा ओढतात, शेपटीचा शेंडा आणि पायाची बोटं चावतात. म्हणून दर आठवड्याला आकाराप्रमाणे गट बदला. तिसऱ्या महिन्यापर्यंत प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा. चाळीस पिल्लं म्हणजे चाळीस पिंजरे, हे वाचताना घरातली भिंत मोजून घ्या.

तीन महिन्यांच्या आत पिल्लू कुणाला देऊ नये. देताना नोंदणीची कागदपत्रं, जन्मतारीख, सध्या काय खातो, कोणती भुकटी किती हे सगळं सोबत द्या, आणि घेणाऱ्याचा पिंजरा, ट्यूब, फवारा आधीच तयार आहे याचा फोटो मागा. जो म्हणतो ‘आधी प्राणी द्या, पिंजरा नंतर बघतो’, त्याला पिंजरा झाल्यावर यायला सांगा.

दुसरा घाणा

मादीच्या शरीरात नराचे शुक्राणू टिकून राहतात. एकदाच जोडी लावूनही तीन-चार महिन्यांनी पुन्हा फलित अंडी येऊ शकतात, पहिली अंडी अजून डब्यात असतानाच. तेव्हा टब काढून ठेवू नका, आणि दुसऱ्या घाण्याचा निर्णय आधीच घेऊन ठेवा. पिंजरे आणि घेणारे नसतील, तर ती अंडी निघाल्या दिवशीच फ्रीजरमध्ये टाकावीत, गर्भ वाढायला लागण्याच्या कितीतरी आधी. मी स्वतः दुसरा घाणा ठेवत नाही. त्या काळात मादीला वर्षभर नर दाखवायचा नाही, खुराक बेताचा आणि बैठक 27 अंशांवर. पुढची रिकामी अंडी मग कमी येतात, काही माद्यांना तर येतच नाहीत.